रोगाची सोयरीक

राजूबाईच्या धनराजला काय झालंय हे कमलनगरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कमलनगरात दुसरा विषयही नव्हता. पोरगा तसा ठणठणीत. घरी आला की चार भाकरी मोडायचा, बापाच्या पिठाच्या गिरणीवर ज्वारीची पोती एकट्यानं उतरवायचा, आणि अंग मोकळं झालं नाही म्हणून शेजाऱ्याचीही उतरवायचा. पण रोज संध्याकाळी सात वाजले की तोच धनराज टीव्हीवरच्या दवाखान्यात, सहा नंबरच्या खाटेवर, नाकात नळी घालून कण्हत पडलेला दिसायचा. ती नळी आख्ख्या तालुक्यानं पाहिली होती. पोती कुणी पाहिली नव्हती.

आमचा भाग सीमेवरचा, त्यामुळं मालिका कानडी होती आणि तिचं शूटिंग कलबुर्गीला एका बंद पडलेल्या डाळमिलमध्ये चालायचं. धनराज आयटीआय करून तिथं लाइटच्या वायरी ओढायला लागला होता. सहा नंबरच्या खाटेवर आधी जो नट झोपायचा, त्याच्या अंगाला तुरीच्या भुशाची खाज सुटली आणि तो ऐन वेळी निघून गेला. लेखक आणि दिग्दर्शक दोन्ही एकच, किरणकुमार नावाचा किडकिडीत माणूस. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि शिडीवर चढलेल्या धनराजला उतरवून खाटेवर निजवलं. रोगी दोन दिवसांत बरा होऊन घरी जायचा होता. पण पोरगा असा काही कण्हला की चॅनलला लोकांचे फोनवर फोन आले. मग त्याला घरी कोण पाठवतो?

तेव्हापासून धनराज निजलेलाच. रोग मात्र वाढत गेला, आणि कसा वाढला ते ऐकण्यासारखं आहे. मेकअप करणाऱ्या पोरीकडं निळा रंग उरला होता, म्हणून त्याची नखं निळी झाली. एकदा भर कण्हण्यात त्याला खरंच हसू फुटलं. पुन्हा शूटिंग करायला वेळ नव्हता, म्हणून दिवेलागणीला हसणं हेही लक्षण ठरलं. गुरुवारचा भाग कुणी बघत नव्हतं, म्हणून ताप गुरुवारी चढायला लागला. मालिकेतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई रोज काचा नसलेला चष्मा काढून पदरानं पुसायच्या आणि म्हणायच्या, आपण समजत होतो ते हे नव्हे. कावीळ नव्हे, मेंदूज्वर नव्हे, सापही चावलेला नव्हे. धनराजला बोलायला एकच वाक्य होतं. भाग संपता संपता तो मान वळवून विचारायचा, डॉक्टर, मला काय झालंय? डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायच्या आणि जाहिराती लागायच्या. सहा महिने हेच चाललं होतं.

रोग खोटा आहे हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. आमच्या भागातली माणसं काही खुळी नाहीत. पण खोटा झाला तरी रोग तो रोगच. त्याला औषध सुचवायचं नाही म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. दळण टाकायला येणारी बाई राजूबाईला काढा सांगायची, दुसरी दर्ग्यातला अंगारा आणून द्यायची. आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर आमच्याकडं जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. कलबुर्गीला जाणं होत नाही म्हणून बायका राजूबाईलाच बघून जायच्या, बिस्किटाचा पुडा ठेवून. राजूबाई पुडा घ्यायची, पण तिच्या मनात भलतंच सलायचं. टीव्हीवरच्या त्या सहा नंबरला कुणीच बघायला येत नव्हतं. शेजारच्या खाटांवर डबे यायचे, नातेवाईक भांडायचे, रडायचे. सहा नंबरच्या पायथ्याशी नुसतं एक रिकामं लोखंडी स्टूल. तिनं धनराजला विचारलं, तर तो म्हणाला की किरणकुमार त्याला मायबाप लिहायचे विसरले, आणि आता मधूनच कुठून आणणार. हे उत्तर तिला मुळीच पटलं नाही.

या सगळ्यात धनराजच्या लग्नाचं वय होऊन बसलं. स्थळं यायची, चहा प्यायची, नळी आठवायची आणि निघून जायची. अशात हुमनाबादकडचं दुबलगुंडीचं एक स्थळ आलं, आणि ते राजूबाईच्या मनात असं भरलं की तिला रात्रीची झोप येईना. मुलगी विजयश्री, बी.एड. झालेली, कामाला चटपटीत. आणि मुख्य म्हणजे तिला मुलगा पसंत होता. सहा महिने रोज अर्धा तास ती त्याला बघत आली होती. आजवर कुठल्या नवरदेवानं इतका वेळ निवांत बघू दिलंय? अडलं होतं ते तिच्या बापापाशी. शिवशंकर हा खताबियाण्याचा दुकानदार. तराजूला बोट न लावणारा आणि तोंडातून खोटं न काढणारा, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती. त्याच्या बैठकीत कपाटाच्या काचेआड एका लहानशा बाटलीत त्याच्याच पोटातून निघालेला मुतखडा ठेवला होता, आणि पाहुणा आला की पाण्याआधी बाटली पुढं यायची. राजूबाईनंही ती हातात घेऊन, चांगला टपोरा आहे, असं म्हटलं होतं.

शिवशंकरनं आपलं म्हणणं स्पष्ट सांगितलं.

"नाटक हाय ते आमाला कळतंय. पण लगनात माजे पाव्हणे इचारणार, पोराला काय झालंय म्हणून. मी काय सांगू? आदी रोगाला नाव पायजे. मग तो बरा व्हायला पायजे, टीव्हीवरच, समद्यांदेखत. नाव नसलेला रोग मी घरात घेत न्हाई."

यात चुकीचं काही नव्हतं. राजूबाईनं नवऱ्याला, ग्यानबाला, गिरणी बंद ठेवायला लावली, शिवशंकरला सोबत घेतलं आणि तिघं जण कलबुर्गीला जाऊन धडकले.

किरणकुमार मिलच्या गोदामात डोकं धरून बसला होता. दवाखान्याचा वॉर्ड म्हणून जे टीव्हीवर दिसायचं ते हेच गोदाम; भिंतीला हिरवं कापड आणि कोपऱ्यात अजून फुटक्या तुरीचा ढीग. बसायला जागा नव्हती म्हणून पाहुणे सहा नंबरच्या खाटेवरच टेकले. धनराज लाजून शिडीपाशी उभा राहिला. राजूबाई काय ते बोलली, तेव्हा किरणकुमारनं मोकळेपणानं कबूल केलं की रोग कोणता ते त्याला स्वतःलाही माहीत नाही. त्यानं गावातल्या एका खऱ्या डॉक्टरला सगळी लक्षणं सांगून पाहिली होती. डॉक्टर म्हणाले, या माणसाला एक तर पाच रोग आहेत, नाहीतर एक लेखक आहे.

मग त्या खाटेवर बसून रोग ठरवणं सुरू झालं. किरणकुमार एकेक नाव सुचवायचा आणि राजूबाई त्याला सून पारखावी तसं पारखायची. घराणं कसलं, मागंपुढं पिढीत उतरतं का, अंगावर डाग राहतो का, चारचौघांत नाव घेता येतं का. टीबी तिनं दारातूनच परत पाठवला. फिट म्हटल्यावर ग्यानबाच उठून उभा राहिला. काळजाचं दुखणं नको, पोरीच्या जिवाला जन्माचा घोर. साखर नको, ती एकदा घरात आली की जात नाही. डोक्यातली गाठ किरणकुमारला फार आवडली होती, पण डोकं उघडलं म्हटल्यावर लोक काय काय म्हणतील याचा विचार करा, असं राजूबाईनं त्याला सुनावलं. शेवटी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, शिवशंकरकडं अदबीनं बघितलं आणि म्हणाली की मुतखडा कसा वाटतो? चांगल्या घरातल्या माणसाला होतो, काढला की संपतो, आणि बाटलीत ठेवून दाखवताही येतो.

ग्यानबाचा चेहरा उजळला. किरणकुमारलाही आशा वाटली. फक्त एक शंका उरली, आणि ती त्यानं अनुभवी माणसालाच विचारली: मुतखड्यानं दिवेलागणीला हसू येतं का?

सगळे शिवशंकरकडं बघायला लागले. एक हो म्हटलं असतं तर त्याच्या लेकीचं लग्न तिथंच ठरत होतं.

शिवशंकरनं बराच विचार केला. "न्हाई," तो म्हणाला. "मुतखड्यानं माणूस हसत न्हाई. मी भिंतीला डोकं लावून रडायलतो."

झालं. मुतखडा गेला. वर किरणकुमारनं आणखी एक गोष्ट सांगून टाकली, जी तो मघापासून पोटात धरून होता. चॅनलनं कळवलं होतं की लोक कंटाळले, रोग्याला या शुक्रवारी मारून टाका. राजूबाई भडकली. किरणकुमारच्या आईवडिलांपासून तिनं सुरुवात केली आणि मिलच्या मालकापर्यंत कुणाला सोडलं नाही. धनराजला त्याचं काही नव्हतं. त्याची शिडी होती, वायरी होत्या, आणि निजून निजून पाठही धरली होती. पण शिवशंकरनं उठून चपला पायात घातल्या. बरा झालेला जावई त्यानं घेतला असता. नाव नसलेल्या रोगानं मेलेला जावई कुठल्या तोंडानं घ्यायचा?

तो दारापर्यंत गेला आणि राजूबाईला एकदम सुचलं.

"पाव्हणं, थांबा. डोक्याला कावळा शिवला तर आपल्यात काय करतेत?"

काय करतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण जवळ आलं. मग ते येण्याआधी आपणच लांबच्या नातलगाला निरोप धाडायचा, की अमका वारला. नातलग धाय मोकलून रडतो, मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते निघून जातं. मग नातलगाला खरं सांगायचं आणि जेवायला बोलवायचं. राजूबाईच्या सासूला कावळा शिवला होता, तेव्हा भालकीहून तिची बहीण छाती पिटत आली होती. सासू त्यानंतर इतकी जगली की राजूबाईला पुरेपूर आठवत होती. तिचं म्हणणं असं, की हे त्यातलंच. शुक्रवारी घराघरांत खोटी बातमी जाणार. पोराच्या मागची पीडा, ती नळी, ती नखं, सगळं त्या मरणाबरोबर फिटून जाणार.

शिवशंकर चपला घालून तसाच उभा राहिला. त्याच्याही घरात हे झालेलं होतं.

"व्हय," तो म्हणाला. "पण कुणीतरी खरं रडाय पायजे. नुसता निरोप गेला तर काय उपेग न्हाई. मी शुक्रवारी येतो. कुणी खरं रडलं, तर सुपारी तवाच फोडू."

आता आली का पंचाईत? रोगी खोटा आहे हे ज्याला त्याला माहीत; खरं रडणार कोण? टीव्ही न बघणारं एकच माणूस ग्यानबाच्या नात्यात उरलं होतं, ते म्हणजे कडगंचीला दिलेली त्याची थोरली बहीण भागाबाई. ग्यानबानं घसा खरवडून बहिणीला फोन लावला आणि धनराज गेला म्हणून सांगितलं. भागाबाईनं विचारलं, कावळा कवा शिवला? ग्यानबाला खोटं पुढं रेटता येईना. भागाबाई म्हणाली की ती तूर भरडायला बसली आहे, एवढी भरडून झाली की रडते, काळजी करू नका. संध्याकाळी तिनं आठवणीनं फोन करून कळवलंही, की थोडं रडून घेतलं. हे काही शिवशंकरला सांगण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी राजूबाईचं घर पायरीपर्यंत भरलं. शिवशंकर खुर्चीवर ताठ बसला, मांडीवर सुपारी-पानाची पिशवी. धनराज दुपारच्या बसनं आला होता आणि भुकेला होता. आईच्या शेजारी मांडी घालून तो अंबाडीच्या भाजीशी भाकरी खायला लागला. सात वाजले. टीव्हीवर त्याचा श्वास अडखळायला लागला. बायकांनी पदर डोळ्यांपर्यंत नेले आणि पदराआडून एकमेकींकडं बघितलं, कुणी सुरुवात केली का म्हणून. राजूबाईनं ओठ दाबले. आपली मेलेली आई आठवून पाहिली, तिच्यामागून बापही आठवला. पण उजव्या कानापाशी धनराज मचमच खात होता, आणि त्या आवाजानं डोळ्यात येऊ पाहणारं पाणी परत जायचं. खुर्चीवरच्या शिवशंकरकडं बघायची तिला भीती वाटत होती.

पडद्यावर धनराजनं मान वळवली आणि आपलं ते एकच वाक्य विचारलं. डॉक्टरीणबाई या वेळी खिडकीकडं वळल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, आणि सहा नंबर गेला. दवाखान्यातल्या एका पोऱ्यानं विचारलं, याच्या घरी कुणाला कळवायचं? बाईंनी मान हलवली. याचं कुणी नाही. मग पोऱ्यानं चादर ओढली. चादर आखूड होती. तोंड झाकलं आणि पाय उघडे राहिले, आणि त्या पायांपाशी ते लोखंडी स्टूल होतं, सहा महिने होतं तसंच रिकामं.

राजूबाईच्या छातीतून जो आवाज निघाला, तो तिच्या आईच्या वेळीही निघाला नव्हता.

"आरं माज्या लेकरा," ती जमिनीवर हात आपटत म्हणाली, "सहा महिने कण्हलास रं. कुणी घोटभर पाणी पाजलं न्हाई. कुणी डबा आणला न्हाई. कुणी त्या स्टुलावर बूड टेकलं न्हाई रं तुज्यापाशी."

धनराज घाबरला. त्यानं तिचा दंड धरला. "आई, मी हितं हाय."

"तू गप जेव," राजूबाईनं त्याचा हात झिडकारला. "तुला समदे हायेत. त्याला कोण हाय?"

दळणवाल्या बायका, ज्या सहा महिने बिस्किटाचे पुडे चुकीच्या घरी ठेवून गेल्या होत्या, त्या एकदम रडायला लागल्या. ग्यानबा भिंतीकडं तोंड करून बसला. धनराजनं ताट बाजूला सारलं आणि पडद्यावरच्या आपल्या पायांकडं बघता बघता त्याचेही डोळे भरून आले.

शिवशंकरनं उपरण्यानं नाक पुसलं. दुबलगुंडीहून त्याच्या बायकोचा फोन आला. विजयश्री जेवायला उठत नाही, नुसती रडते आहे. त्यानं फोन खिशात ठेवला आणि फिटलं, एवढंच म्हणाला. मग मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडली आणि सुपारी बाहेर काढली.

आणि राजूबाई, जिला या सुपारीसाठी कित्येक रात्री झोप नव्हती, ती नाक ओढत म्हणाली, "आज न्हाई पाव्हणं. घरात सुतक हाय. तीन दिस."

ग्यानबानं कपाळावर हात मारला. दारात आलेली सोयरीक ही बाई हातानं परत लावते, आणि कुणासाठी, तर किरणकुमार ज्याचे मायबाप लिहायचे विसरला त्याच्यासाठी. शिवशंकरनं पिशवीची गाठ पुन्हा मारली आणि चहा न घेता निघून गेला. सुतकाच्या घरी चहा घेत नाहीत, हे खरं. पण ग्यानबाला वाटलं, सोयरीक मोडली. तो तीन दिवस बायकोशी बोलला नाही. राजूबाईनं त्याचीही पर्वा केली नाही. तिनं चुलीवर फोडणी घातली नाही, डोक्याला तेल लावलं नाही, आणि मयताला दुसरं कुणी नाही म्हणून सुतक धरायला धनराजलाच बसवलं. आपल्याच सुतकात बसलेला मी पहिलाच असेन, असं तो पुटपुटला, पण बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं भात-वरणाचा घास पत्रावळीवर घालून गिरणीच्या पत्र्यावर ठेवला. गिरणीचे कावळे ते. बारा महिने सांडलेल्या दाण्यांवर माजलेले. समोरच्या कडुलिंबावर पंधरा-वीस बसले होते. एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय. ते काय ते ओळखून मोठ्यानं सांगावं लागतं. ग्यानबा रुसला होता तरी पुढं झाला आणि म्हणाला की तुझ्या नावानं पाच माणसं जेवू घालू. कावळे हलले नाहीत. राजूबाई म्हणाली की यापुढं दवाखान्यात ज्याचं कुणी नाही त्याच्यापाशी मी जाऊन बसेन. एक कावळा मान वाकडी करून बघायला लागला, पण बसून राहिला. ऊन वर आलं. भात सुकायला लागला. राजूबाईच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली आणि शिवशंकर उतरला. हातात तीच पिशवी होती. त्यानं पत्र्यावरची पत्रावळ बघितली, लिंबाकडं बघितलं, राजूबाईकडं बघितलं. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तोही सहा महिने रोज सात वाजता टीव्हीपुढं बसलेला होता, आणि सहा नंबरच्या त्या माणसानं रोज एकच गोष्ट विचारलेली त्यानंही ऐकली होती.

शिवशंकरनं चपला काढल्या. पिशवी धनराजच्या हातात दिली. जन्मभर तराजूला बोट न लावलेल्या त्या माणसानं पत्र्याकडं तोंड करून हात जोडले.

"बाबा," तो म्हणाला, "मुतखडा हुता तुला. माज्यासारकाच. ते हसू बी त्याचंच हुतं."

लिंबावरून एक कावळा उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली.